केसपेपरवरचा ‘डर्मटायटिस’ : शब्दाचा अर्थ आणि पुढचा प्रश्न



गेल्या पावसाळ्यात श्रीरामपूरच्या एका वस्तीत रविवारची वंदना आटोपल्यावर एक मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल, जाड आणि खरखरीत झालेली. पापण्या सुजलेल्या, मानेवर खाजवून खाजवून चरे पडलेले. त्यांनी पिशवीतून केसपेपर काढला. त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता : डर्मटायटिस. खाली एका मलमाचे नाव.

“मलम दिलं, पण हे काय झालंय ते विचारायचं राहिलंच. मागं लाइन लागली होती,” मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी खरा प्रश्न विचारला. “हे दुसऱ्याला लागतं का हो? सून नातवाला माझ्याकडं देत नाही. ताटसुद्धा वेगळं काढलंय.”

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. खाज, चट्टे, फोड यांच्यासाठी दवाखान्यात गेलेल्या कितीतरी लोकांच्या कागदावर हा शब्द असतो. वाचता आला तरी तो कळत नाही, आणि न कळलेल्या शब्दाची भीती वाटते. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही हाच एक शब्द घेतला आहे.

शब्दाची फोड

‘डर्मा’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ कातडी, त्वचा. ‘आयटिस’ ही शेपटी ज्या अवयवाच्या नावाला लागते, त्या अवयवाला दाह झाला असे समजावे. टॉन्सिलला दाह झाला की टॉन्सिलायटिस. अपेंडिक्सला झाला की अपेंडिसायटिस. यकृताला झाला की हिपॅटायटिस. सांध्याला झाला की आर्थ्रायटिस. तसाच त्वचेला दाह झाला की डर्मटायटिस. मराठी पुस्तकांत याला त्वचादाह किंवा त्वचाशोथ म्हणतात.

दाह म्हणजे नुसती आग होणे असे आपण समजतो. वैद्यकात त्याचा अर्थ थोडा मोठा आहे. शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली किंवा नको असलेला पदार्थ तिथे पोचला, की शरीर त्या जागेकडे जास्त रक्त आणि संरक्षक पेशी पाठवते. त्यामुळे ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि दुखते. ही चार लक्षणे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने लिहून ठेवली आणि डॉक्टर आजही तीच शिकतात. त्वचेच्या बाबतीत त्यांत पाचवे लक्षण येते, ते म्हणजे खाज. दाह नवा असेल तर बारीक पाण्याचे फोड येतात, ते फुटून ओल सुटते, वर खपली धरते. दाह महिनोन्‌महिने टिकला तर कातडी जाड, काळपट होते आणि तिला भेगा पडतात.

आपल्याकडे यालाच ‘इसब’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘एक्झिमा’. एक्झिमा हाही मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ उकळून वर येणे. फोड आलेली कातडी पाहिली की हे नाव का पडले ते लगेच कळते. बरेच डॉक्टर एक्झिमा आणि डर्मटायटिस हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. एका कागदावर एक्झिमा आणि दुसऱ्यावर डर्मटायटिस दिसले म्हणून दोन रोग झाले असे समजू नका.

हे कारणाचे नाव नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डर्मटायटिस हा शब्द त्वचेला काय झाले आहे ते सांगतो. कशामुळे झाले ते सांगत नाही. घरातून धूर येतोय असे कोणी सांगितले, तर चुलीचा की शॉर्टसर्किटचा ते बघावेच लागते. इथेही तसेच आहे.

कारण कळण्यासाठी त्याच्या आधी लागलेला शब्द बघावा लागतो. ‘कॉन्टॅक्ट’ डर्मटायटिस म्हणजे कशाच्या तरी स्पर्शाने झालेला. ‘अ‍ॅटोपिक’ म्हणजे ज्यांच्या घरात दमा, सर्दी-शिंका, अ‍ॅलर्जी यांची प्रवृत्ती असते त्यांना, बहुतेक वेळा लहानपणापासून होणारा. तान्ह्या बाळांच्या गालांवर आणि मोठ्या मुलांच्या गुडघ्या-कोपराच्या खोबणीत तो दिसतो. ‘सेबोरिक’ म्हणजे डोके, भुवया, नाकाच्या बाजू अशा तेलकट जागी कोंड्यासारखे पापुद्रे सुटणारा. ‘स्टेसिस’ म्हणजे पायाच्या शिरा फुगून रक्त साचल्याने घोट्याजवळ होणारा. औषध, काळजी आणि पथ्य यांत प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

मावशींच्या कागदावर पुढचा-मागचा शब्द नव्हता. म्हणून आम्ही त्यांना विचारले, “मावशी, काम काय करता?” त्या म्हणाल्या, “खुरपणीला जाते. कॅनॉलच्या कडंच्या रानात.”

गाजर गवताची गोष्ट

श्रीरामपूरचा परिसर प्रवरेच्या कालव्यांवर उभा राहिलेला. ऊस, कांदा, सोयाबीन, आणि त्या सगळ्यात खुरपणीला वाकलेल्या आपल्या बाया. कालव्याच्या कडेला, पडीक जमिनीत, रेल्वेच्या रुळांलगत, आपल्या वस्तीच्या मागच्या उकिरड्यावरसुद्धा पाऊस पडला की कमरेइतके वाढणारे एक गवत सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पाने गाजरासारखी, फुले बारीक पांढरी. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम.

हे गवत मूळचे आपले नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. भारतात त्याची ठळक नोंद १९५६ मध्ये पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. एका रोपाला हजारो बिया धरतात, त्यामुळे काही वर्षांतच ते देशभर पसरले. मागोमाग पुण्याच्या दवाखान्यांत हात, चेहरा आणि मान सुजून आलेले रुग्ण दिसू लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. डर्मटायटिस या शब्दाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे उदाहरण जगभर दिले जाते, ते या गवतामुळे.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पाने, खोड आणि फुले यांवरच्या बारीक लवेत ते भरलेले असते. गवत उपटताना ते हाताला लागते. गवत वाळले की त्याचा चुरा वाऱ्यावर उडतो आणि चेहरा, पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची खोबण इथे बसतो. म्हणून ज्याने गवताला हातही लावला नाही, त्याच्याही पापण्या सुजू शकतात. नुसत्या उन्हाने त्रास होतो तेव्हा हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा बहुधा सुटते. उडत्या चुऱ्याने होतो तेव्हा तीही सुटत नाही. डॉक्टर या खुणेकडे मुद्दाम बघतात.

“इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं?”

मावशींनी हेच विचारले. त्या वीस वर्षे खुरपणी करत होत्या.

स्पर्शाने होणारा त्वचादाह दोन प्रकारचा असतो. पहिला क्षोभाचा. सोडा, तेजाब, ओले सिमेंट, कडक साबण असा पदार्थ त्वचेला थेट खातो. पदार्थ पुरेसा तीव्र असला किंवा पुरेसा वेळ लागत राहिला, तर तो कोणालाही त्रास देईल.

दुसरा अ‍ॅलर्जीचा. तो सगळ्यांना होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आधी त्या पदार्थाची ओळख करून घेते आणि त्याला शत्रू ठरवते. याला काही दिवस लागू शकतात, नाहीतर कित्येक वर्षे. एकदा ओळख पक्की झाली, की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. त्यातही त्रास लगेच दिसत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी खाज आणि फोड येतात. सोमवारी गवत उपटले आणि बुधवारी हात सुजला, तर आपण मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला दोष देतो. खरे कारण तसेच राहते आणि पथ्य मात्र वाढत जाते.

शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ करतात. संशय असलेले पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. यात सुई टोचत नाहीत. मोठ्या रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागात याची चौकशी करावी.

आपल्या कामात लपलेली कारणे

आपली वस्ती हाताने काम करणारी आहे. त्यामुळे या दुखण्याची कारणे बहुतेक वेळा कामात आणि घरात सापडतात.

*धुणीभांडी :* चार घरची भांडी घासणाऱ्या ताईंची बोटे दिवसभर साबणाच्या पाण्यात असतात. त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते, बोटांच्या बेचक्यांपासून सुरुवात होते आणि भेगा पडतात.

*सिमेंट :* ओले सिमेंट त्वचेला भाजते. त्यातल्या क्रोमियमच्या क्षारांची अ‍ॅलर्जीही होते. गवंडीकाम आणि स्लॅबचे काम करणाऱ्या भावांचे हात-पाय वर्षानुवर्षे उलत राहतात ते यामुळे.

*कांदा-लसूण :* लसूण सोलणाऱ्या हाताच्या बोटांची टोके सोलवटतात आणि चिरतात.

*टिकली :* टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर बरोबर टिकलीएवढा खाजरा डाग पडतो. काहींना तिथे पांढरा डाग येतो आणि घरचे कोड समजून घाबरतात.

*खोटे दागिने :* कानातले, गळ्यातले, पँटचे बटण यांत निकेल धातू असतो. जिथे तो टेकतो तिथेच खाजते.

*केसांचा काळा रंग आणि काळी मेंदी :* कानामागे, कपाळावर फोड आणि डोळ्यांना सूज आली तर तो रंग पुन्हा वापरू नये. दुसऱ्या खेपेला त्रास जास्त होऊ शकतो.

*बिब्बा :* दुखऱ्या जागी बिब्बा घालण्याची पद्धत अजून आहे. बिब्ब्याचे तेल कातडी भाजून मोठे फोड आणते. ते औषध समजून लावू नये, मुलांना तर मुळीच नाही.

कारण शोधायची सोपी रीत अशी आहे. दाह पहिल्यांदा कुठे उठला ते आठवा. त्या जागेला आधीच्या तीन दिवसांत काय लागले ते लिहून काढा. कामाला सुट्टी घेतल्यावर कमी होते का आणि कामावर गेल्यावर वाढते का, तेही लिहा. हा कागद डॉक्टरांना दाखवा. दोन मिनिटांच्या तपासणीत तो मोठे काम करतो.

लागते का?

नाही. डर्मटायटिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने, मूल मांडीवर घेतल्याने तो पसरत नाही.

मात्र खाजणारे सगळेच डर्मटायटिस नसते, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. खरूज बारीक किड्यामुळे होते आणि ती लागते. रात्री खाज वाढते, घरातल्या दोघा-तिघांना एकदम सुरू होते. तेव्हा खाज नसली तरी घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. तो गोल असून कडेने वाढत जातो आणि टॉवेल, कपड्यांतून पसरतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुधा खाज नसते, तिथे स्पर्श कळत नाही. बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो.

स्पर्शावरून माणसाला दूर ठेवणे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. आयुष्मान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना अंगभर फोडांचा त्रास होता. फोडांतल्या पाण्याने चीवर अंगाला चिकटत असे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवत असत. भगवंतांनी ते पाहिले, काय झाले म्हणून चौकशी केली आणि अशा आजारात औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. खाज आणि फोड असलेल्या भिक्खूला अंग झाकण्यासाठी वेगळे वस्त्र वापरण्याची अनुज्ञाही महावग्गात आहे. कोणी बेलट्ठसीसांना बाजूला बसवले नाही. आधी विचारपूस, मग औषध.

मलमाची ट्यूब

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. दुकानात जाऊन “खाजेचं मलम द्या” म्हटले की बहुधा स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध एकत्र केलेली ट्यूब हातात पडते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते. ट्यूब संपली की दुप्पट उठते. मग दुसरी ट्यूब, मग शेजारणीलाही तीच.

स्टेरॉइड दाह दाबते. आजार खरोखर डर्मटायटिस असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचे स्टेरॉइड सांगितलेले दिवस लावणे हे योग्य औषध आहे. त्याला उगाच भिऊ नये. पण खाली नायटा असेल तर खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. पुढे तो ओळखणेही अवघड होते. तीव्र स्टेरॉइड खूप दिवस लावले तर कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत पांढऱ्या रेघा पडतात, चेहरा लाल होतो आणि त्यावर लव वाढते. गोरे होण्यासाठी हीच मलमे चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. या गैरवापरामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला.

किती लावायचे याचे एक माप आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते.

घरी आणि रानात काय करावे

गाजर गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटावे. नुसत्या हाताने उपटू नये. हातमोजे नसतील तर जाड कापड गुंडाळावे, लांब बाह्यांचा सदरा घालावा, तोंडाला रुमाल बांधावा. त्याच्या पानांवर पांढुरक्या पाठीचे, काळसर रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. या गवताचा फडशा पाडण्यासाठी ते १९८३ मध्ये मेक्सिकोतून मुद्दाम आणले गेले. घरी आल्यावर आधी अंघोळ करावी आणि रानातले कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी गवत उपटायच्या कामाला जाऊ नये. वस्तीच्या सफाईच्या दिवशी त्यांना दुसरे काम द्यावे. मुकादमाला सांगून रानातही काम बदलून घेता येते का ते बघावे. रोजंदारी बुडवून घरी बसा, असे आम्ही म्हणणार नाही. ते किती जणांना परवडते, हे आम्हाला माहीत आहे.

कढत पाण्याने शेकू नका. त्याने क्षणभर बरे वाटते आणि नंतर खाज वाढते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. भेगांसाठी हे दिवसातून तीन-चार वेळा करावे. भांडी घासताना आतून सुती आणि वरून रबरी मोजे घालावेत. मीठ, लिंबू, फिनेल, रॉकेल यांतले काहीही चट्ट्यावर लावू नये.

ताप आला, पिवळा पू झाला, चेहरा किंवा डोळे एकदम सुजले, अंगभर फोड उठले किंवा एखादे औषध घेतल्यावर तोंडात फोड आले, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली तर लगेच निघा.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

१. हा डर्मटायटिस कोणत्या प्रकारचा?
२. माझ्या कामातल्या किंवा घरातल्या कशामुळे झाला असेल?
३. मलम कुठे, किती आणि किती दिवस लावायचे? यात स्टेरॉइड आहे का?
४. पुन्हा कधी दाखवायचे?

मागे लाइन असली तरी हे विचारायला एक मिनिट लागते. विचारायची लाज वाटत असेल तर हे पान कापून केसपेपरला लावा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

मावशी दुसऱ्या खेपेला असाच कागद घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कामाची चौकशी केली, पापण्या आणि कानामागची जागा पाहिली आणि जुन्या शब्दाच्या आधी-मागे चार शब्द लिहिले : कॉन्टॅक्ट, पार्थेनियम, लागत नाही. शेवटचे दोन मराठीत, सुनेने वाचावेत म्हणून. त्वचा पूर्ण निवळायला काही महिने गेले. रानात गाजर गवत दिसले की अजूनही मावशी बांधावरच थांबतात आणि ते काम दुसऱ्या बाईला देतात. ताट मात्र त्याच संध्याकाळी एक झाले.